रजिस्टरात शून्य, रक्तात नोंद

आरोग्य उपकेंद्राच्या रजिस्टरात त्या गावापुढे डेंग्यूच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य होतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, वाळपईहून बरंच आत, कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या, सावलीतलं गाव. वास्को शहरासारखी दाट वस्ती नाही, उघड्या टाक्यांची बांधकामं नाहीत. म्हणून त्या शून्यावर कुणी शंका घेतली नव्हती आणि डासांच्या तापांच्या सर्वेक्षणात शहरातल्या वस्तीशी तुलना करायला आम्ही मुद्दाम तेच गाव घेतलं होतं.

रक्त घ्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "माकडताप परत आला काय?" 2015 साली पाली गावात तो गोचिडांमुळे पसरणारा ताप आल्यापासून या भागात सिरिंज आणि बर्फाची पेटी घेऊन येणारी माणसं म्हणजे माकडतापाची, हे ठरलेलं. मी सांगितलं, आज कुणी आजारी आहे का हे बघायला आलेलो नाही. आजवर कुठले डासांचे ताप तुमच्या अंगातून जाऊन आले, ते रक्तात शोधायचं आहे.

विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्यांदा आयजीएम येतं, तापाच्या साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं आणि दोन-तीन महिन्यांत बहुतेक विरून जातं. मागून येणारं आयजीजी मात्र वर्षानुवर्षं टिकतं. दवाखान्यात आपण आयजीएम शोधतो, कारण आत्ताचा आजार ओळखायचा असतो. सर्वेक्षणात आयजीजी शोधतो. ताप आला होता की नव्हता, डॉक्टरकडे गेलात की घरीच काढा घेऊन निजलात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

या कामात रक्ताइतकंच महत्त्वाचं असतं वय, आणि तिथेच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. एका आजींना जन्मसाल ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर 1 जानेवारी, म्हणजे कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. बरोबरच्या नर्सबाईंनी विचारलं, "आजी, गोवा मुक्त झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" आजींनी हात कमरेच्या उंचीवर धरला. धाकट्या भावाला काखेत घेऊन त्या रानात लपल्या होत्या. 1961 चा डिसेंबर धरून आम्ही वय काढलं. आजी पुढे म्हणाल्या, "मला कधी डेंग्यू झाला नाही हो. एकदा पावसाळ्यात सांधे तेवढे धरले होते, सगळ्याच वाड्याचे. काही जणांना न्हाणीपर्यंत जाववत नव्हतं." मी ते वहीच्या कडेला लिहून ठेवलं. असल्या नोंदींना फॉर्ममध्ये रकाना नसतो, तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळेत नमुन्यावर फक्त क्रमांक असतो. कोण म्हातारं, कोण मूल, कोण कुठल्या गावचं, हे प्लेट वाचणाऱ्याला कळत नाही आणि कळूही नये. शहाण्णव खळग्यांची प्लेट. शेवटचं द्रावण घातलं की प्रतिपिंडं असलेले खळगे पिवळे होतात, बाकीचे जवळजवळ पाण्यासारखे राहतात. यंत्र त्या पिवळेपणाचं मोजमाप देतं. त्या दुपारी सगळ्या प्लेटा वाचून झाल्यावर क्रमांकांना नावं आणि वयं जोडली आणि कुळागरांतल्या गावाची यादी वयाच्या चढत्या क्रमाने लावली.

आधी डेंग्यू. शाळकरी मुलांमध्ये थोडी पॉझिटिव्ह, कॉलेजवयीन पोरांमध्ये जास्त, चाळिशीपलीकडे त्याहून जास्त. चढ एकसारखा, कुठे खंड नाही. असा चढ दिसला की त्याचा अर्थ असा की विषाणू एकदा येऊन गेलेला नाही, तो दर पावसाळ्यात थोड्या थोड्या माणसांना गाठत आलेला आहे. जितकी जास्त वर्षं जगलात तितकी गाठ पडण्याची शक्यता जास्त.

मग तीच यादी, तेच रक्त, पण चिकुनगुन्या. इथे चढ नव्हताच, पायरी होती. एका ठरावीक वयाखालची मुलं जवळपास सगळी निगेटिव्ह आणि त्या वयावर एकदम कितीतरी पॉझिटिव्ह, वीस वर्षांचे काय नि सत्तरीचे काय, सारखेच. म्हणजे कुठल्याशा एका हंगामात तो गावात घुसला, तोवर जन्मलेल्या कुणाचीही वयावरून गय केली नाही, आणि पुढे फारसा फिरकला नाही. देशाच्या पातळीवरही त्याची चाल अशीच लहरी आहे: 1973 ची बार्शीची साथ, मग तीन दशकं जवळपास शांतता, आणि 2006 साली देशभर तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण. मी वही उघडली. चिकुनगुन्यात सांधेच धरतात, आणि सगळ्या वाड्याचे सांधे धरलेला आजींचा तो एक पावसाळा या पायरीशी जुळत होता. मी खुर्चीवरून उठून शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावून आणलं.

घाई करून चालणार नव्हतं. डेंग्यूचं आयजीजी आणि जपानी मेंदूज्वराचं आयजीजी चाचणीत एकमेकांत मिसळतात, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. गोव्यात 1982 साली मेंदूज्वराची साथ होऊन गेलेली, भातशेतीत त्याचा डास आहेच, शिवाय त्याची लस घेतलेलं मूलही गोंधळात टाकू शकतं. म्हणून काही नमुने निष्प्रभीकरण चाचणीला पाठवले. त्यात माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, प्रत्यक्ष जिवंत विषाणूला रोखतं का, हे पाहतात. वेळखाऊ काम, पण निवाडा पक्का. डेंग्यूच निघाला.

रजिस्टर खोटं नव्हतं. त्यात दवाखान्यापर्यंत आलेला ताप लिहिला जातो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे 39 कोटी माणसांना डेंग्यूची लागण होते आणि त्यातल्या सुमारे 9.6 कोटींनाच लक्षणं जाणवतात. देशपातळीवर 2017-18 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 15 राज्यांत 12,300 लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा 5 ते 45 वयोगटातल्या 48.7 टक्के लोकांत डेंग्यूची प्रतिपिंडं सापडली. त्यातले कितीजण 'मला डेंग्यू झाला होता' म्हणाले असते?

निकाल घेऊन गावात परत गेलो तो दिवस मला जास्त जड गेला. देवळाच्या मंडपात एकेकाला कागद देत होतो. एक आई मुलाचा कागद घेऊन धावत आली. शेजाऱ्याने वाचून सांगितलं होतं, डेंग्यू पॉझिटिव्ह. तिने पिशवी भरली होती, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायला रिक्षाही ठरवली होती. मुलगा मागे उभा राहून पेरू खात होता.

"वहिनी, हा आजचा डेंग्यू नाही. कधीतरी होऊन गेलाय, तुमच्याही लक्षात आला नाही इतका हलका."

"मग आता पुन्हा होणार नाही ना?"

इथे 'नाही' म्हणून तिला घरी पाठवणं सोपं होतं. पण डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या एकापासून जन्मभराचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून थोडेच महिने. नंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर जुनी प्रतिपिंडं कधी कधी विषाणूलाच पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. तो बहुतेकांना होत नाही, हेही तितकंच खरं. मी तिला दोन्ही सांगितलं. ताप आला तर पॅरासिटामॉल, पाणी, पेज. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही. ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर थांबायचं नाही, तेव्हा ती रिक्षा करायची. तिने ते कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. भोवती जमलेल्यांनीही लिहून घेतलं.

लशीचा निर्णयही याच रक्तावर अवलंबून असतो. आधी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलांना एका लशीने उलट जास्त धोका होतो, हे 2017 च्या अखेरीस जाहीर झालं, तोवर फिलिपिन्समध्ये लाखो मुलांना ती टोचून झाली होती. आपल्याकडे 2024 साली देशी लशीची मोठी चाचणी सुरू झाली. उद्या ती लस आली तर कुठल्या वयापासून द्यायची हे ठरवताना त्या वयात किती मुलांना आधीच लागण झाली आहे, हे विचारावं लागेल, आणि रजिस्टरातलं शून्य त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

डासांच्या अळ्यांची पाहणी आता घरांच्या टाक्यांपाशी न थांबता कुळागरात शिरते. सुपारीच्या गळलेल्या झावळीच्या खोलगट बुंध्यात, नारळाच्या करवंटीत, झाडांच्या ढोलीत साचलेलं चार चमचे पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या पट्टेरी डासाला पुरतं. निगेटिव्ह निघालेल्या मुलांचं रक्त पुढल्या पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यायचं आहे. त्यातली किती पॉझिटिव्ह झाली यावरून लागणीचा वर्षाचा वेग कळेल. त्या वहिनींच्या थोरल्याचं नाव त्या यादीत नाही, धाकटीचं आहे, आणि तिच्या फॉर्मवर वहिनींनी सही करून दिली आहे.