निर्बंधांतलं कोची: डेकवरून बघायचं बंदर

(ही टिपणं कोविडकाळातल्या २०२१-२२ च्या हंगामाची; नियम अन् दर तेव्हाचे. सहलीच्या जहाजावर चढायला ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर, म्हणजे कोविड तपासणीचा रिपोर्ट, आणि मोठ्यांना लसीचे दोन डोस लागत.)

शुक्रवार, नोव्हेंबर २०२१. परभणी

सोमवारी दुपारी मुंबईत जहाजावर चढायचं आणि बुधवारी सकाळी कोचीला लागायचं, तर हिशोब आजपासून उलटा मोजावा लागतो. आरटीपीसीआरचे ७२ तास स्वॅब घेतल्याच्या वेळेपासून सुरू होतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. रिपोर्टवर दोन्ही वेळा छापलेल्या असतात आणि गेटवरचा माणूस नेमकी वरची, स्वॅबची, बघतो. बोर्डिंग दोनला धरलं तर आज दुपारी दोनच्या आधी दिलेला स्वॅब बाद. उद्यावर ढकलावं तर परवा रविवार, बऱ्याच लॅब बंद. त्याच संध्याकाळी मुंबईच्या गाडीत बसायच्या आत रिपोर्ट आला तर आला. म्हणजे आज संध्याकाळचे दोन-तीन तास, एवढीच काय ती सोयीची वेळ.

तालुक्याच्या गावी दिलेला नमुना जिल्ह्याला जातो आणि त्यात अर्धा दिवस सहज मोडतो. जिंतूर-गंगाखेडकडच्यांनी सरळ परभणीत येऊन स्वॅब द्यावा. सरकारने बांधून दिलेला दर लॅबवर गेलं तर ५०० रुपये, घरी बोलावलं तर ८००. रिपोर्टवर क्यूआर कोड आहे का आणि तो मोबाईलने उघडतो का, हे तिथल्या तिथेच तपासायचं.

लसीचं गणित वेगळं. दुसरा डोस होऊन १४ दिवस झालेले पाहिजेत. कोविशिल्डचे दोन डोस ८४ दिवसांच्या अंतराने, म्हणजे पहिल्या डोसपासून ९८ दिवस. कोव्हॅक्सिनला २८ अधिक १४, म्हणजे ४२. औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर पेट्रोल, गॅस अन् रेशन नाही असा आदेश निघाल्यावर रांगेत उभे राहिलेले कितीतरी जण आत्ता कुठे पहिल्या डोसवर आहेत. त्यांनी या हंगामात जहाजाचं तिकीट काढूच नये. अठराच्या आतल्या मुलांना अजून लस सुरू नाही, त्यांना फक्त आरटीपीसीआर.

खरी ठेच लागते ती नावाला. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, लस टोचताना सिस्टरने घाईत टाकलेलं असतं तिसरंच. तिकीट काढणारा पोरगा नाव-आडनाव एवढंच टाकतो. तीन कागदांवर एकच बाई तीन बायका होते. कोविनवर दुरुस्ती करता येते, पण सारखी सारखी नाही. तेव्हा आधार समोर ठेवूनच करावी आणि तिकीटही आधारप्रमाणेच काढावं.

राज्याचे नियम एक, कंपनीचे दुसरे. दोन्हींत जो कडक तो लागू, असं धरून चालायचं. केरळच्या कोविडसाठीच्या जाग्रता पोर्टलवर नोंदणी घरूनच करून ठेवावी. ऑगस्टअखेरीस तिथे रोज तीस हजारांवर रुग्ण निघत होते, त्यामुळे तिथली यंत्रणा अजून सैल पडलेली नाही.

रविवार

देवगिरी एक्स्प्रेस संध्याकाळी इथून निघते ती सकाळी सीएसएमटीला. जहाज सोमवारी संध्याकाळी सुटणार, म्हणजे मधे मोकळा वेळ भरपूर. तो मुद्दाम ठेवलेला असावा. गाडीला दोन-तीन तास उशीर होणं आपल्या मार्गावर नवलाचं नाही.

सामानात काय चालत नाही ते आधी बघा. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर घेऊ देत नाहीत. भाकरी, ठेचा, धपाटे गाडीतच संपवायचे. कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर बहुधा सोडतात. इस्त्री, पाण्याची किटली, काडेपेटी, चाकू हे काढून घेतात. आणि अडकित्ता! आपल्या म्हाताऱ्यांच्या चंचीतला अडकित्ता स्कॅनरमध्ये पात्यासारखा दिसतो आणि रांग अडते. सुपारी कातरूनच न्यावी.

सगळ्या कागदांच्या दोन-दोन छापील प्रती घ्या. किनारा सुटला की मोबाईलचं नेटवर्क जातं, मग कोविन उघडत नाही. उलट फोन चालूच ठेवला तर जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क आपोआप पकडतो आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं. धक्का सुटताच फ्लाइट मोड.

सोमवार. बॅलार्ड पिअर

सीएसएमटीपासून बंदराचं ग्रीन गेट दीड-दोन किलोमीटर, टॅक्सीने दहा मिनिटं. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात आणून ठेवतात. म्हणून कागद, गोळ्या, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत हवेत. मोठ्या बॅगेत गोळ्या ठेवून बसलेले लोक रात्री नऊपर्यंत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतात.

टर्मिनलवर तपासणीचा क्रम असा: ताप, रिपोर्ट, लसीचं प्रमाणपत्र, आधार, आणि शेवटी आरोग्याचा फॉर्म. फॉर्मवर खोकला-सर्दीचा रकाना असतो. नोव्हेंबरच्या धुळीने आपल्याकडे निम्म्या लोकांचा घसा धरलेला असतो, पण त्यावर ‘हो’ची खूण केली की वेगळी रांग, डॉक्टर अन् पुन्हा स्वॅब. खोटं लिहू नका. जुना दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा, तिने काम सोपं होतं.

मनगटाला पट्टा बांधतात. केबिनची किल्ली, जेवणाची पाळी, किनाऱ्यावरचा गट, सगळं त्यावर. जीवरक्षक जॅकेटची कवायत पूर्वी सगळ्यांना एकत्र उभं करून होत असे, आता गर्दी नको म्हणून तुकड्यातुकड्याने घेतात. आपली जागा कुठली हे तेव्हाच पायाखालून घालायचं.

मंगळवार. समुद्रात

मुंबई ते कोची समुद्रमार्गे हजारेक किलोमीटर, दीड दिवसाची वाट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र शांत असतो. तरी ज्याला लागायचं त्याला लागतंच. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यात कमी हलते. मळमळीची गोळी उलटी झाल्यावर उपयोगाची नाही, आधी घ्यायची. या दिवसांत तिचं महत्त्व आणखी एका कारणाने: उलटी, डोकेदुखी आणि गळून जाणं ही लक्षणं घेऊन जहाजाच्या दवाखान्यात गेलात तर पहिला संशय कोविडचाच.

बुफेत आता स्वतः वाढून घेता येत नाही. काचेपलीकडून कर्मचारी वाढतात. रांग हळू सरकते. जेवणाची पहिली पाळी मिळाली तर घ्यावी. दाटीच्या बंद हॉलमधला कार्यक्रम सोडून वरच्या डेकवर बसणं केव्हाही शहाणपणाचं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत जपानात योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. १३८ भारतीय होते, बहुतेक सगळे कामगार. प्रवासी केबिनमध्ये बंद आणि कामगार मात्र एकाच खोलीत झोपून, एकाच मेसमध्ये जेवून सगळ्यांना डबे पोचवत होते. आज ट्रे आणून देणाऱ्या पोराशी बोलताना तोंडावरचा मास्क खाली घेऊ नये, तो आपल्यापेक्षा त्याच्यासाठी.

बुधवार. कोची

पहाटे उठून डेकवर उजव्या हाताला जागा धरायची. आजच्या दिवसाचा निम्मा वसूल इथेच आहे.

जहाज पश्चिमेकडून आत शिरतं. उजवीकडे फोर्ट कोची, डावीकडे वायपिन. तोंड अरुंद आहे आणि दोन्ही काठांवर मासेमारीची चिनी जाळी. वर्दीतला पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, बोटीतून येऊन दोरीच्या शिडीने चढतो तोही वरून दिसतो. पुढे डावीकडे वल्लारपाडमचे कंटेनरचे क्रेन, आणि समोर विलिंग्डन बेट. हे बेट निसर्गाचं नाही. १९२० मध्ये आलेला इंजिनिअर रॉबर्ट ब्रिस्टो याने खाडीच्या तोंडावरचा कडक वाळूचा बांध कापायला घेतला, आतला गाळ उपसला आणि त्याच भरावाने बेट उभं केलं. २६ मे १९२८ ला ‘पद्मा’ नावाचं जहाज नव्या वाटेने आत आलं. बेटाच्या पूर्वेला एर्नाकुलम खाडी, पश्चिमेला मट्टांचेरी खाडी. आपलं जहाज पूर्वेच्या खाडीत वळतं आणि एर्नाकुलम धक्क्याला लागतं. याच धक्क्यावर फेब्रुवारीत ‘सागरिका’ हे नवं टर्मिनल सुरू झालं.

जहाज लागलं म्हणजे शिडी लागली असं नाही. परदेशातून आलेलं जहाज पिवळं निशाण चढवतं. ‘जहाज निरोगी आहे, किनाऱ्याशी व्यवहाराची परवानगी द्या’ असा त्याचा अर्थ. बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याने होकार दिल्याशिवाय कोणी उतरत नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या जहाजाला एरवी एवढा सोपस्कार नसतो, पण कोविडात प्रवाशांची आरोग्ययादी, तापाच्या नोंदी हे सगळं आधी खाली जातं. तास-दीड तास धरून चाला. नाश्ता करून घ्या, लॉबीत उभं राहून गर्दी करू नका.

मग गटागटाने बस. बबल म्हणतात त्याला: ठरलेली बस, ठरलेला गाइड, ठरलेला रस्ता. मधेच रिक्षा करून सटकायचं नाही, जेट्टीवरची सरकारी बोट नाही, टपरीवरचा चहा नाही. हा नियम गमतीचा समजू नये. ऑगस्ट २०२० मध्ये नेपल्सला एक कुटुंब गट सोडून परस्पर फिरलं, तर कंपनीने त्यांना जहाजावर परत घेतलं नाही. सामान केबिनमध्ये अन् माणसं धक्क्यावर.

पूल ओलांडून तोप्पुंपडीवरून मट्टांचेरी. वार बघूनच यायला हवं: मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ‘परदेशी’ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. त्यातही कोविडमुळे कोणतं दार उघडं आणि कोणतं बंद हे त्या दिवशीच कळतं. राजवाडा पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला आणि पुढे डचांनी डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं बघायला दहा मिनिटं मिळतात, जी कमी आहेत. सिनेगॉग १५६८ चं. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे, पण तिच्यात तो नाही. १५२४ मध्ये इथे वारला आणि १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. मसाल्याच्या गल्लीतून बस न थांबता जाते. मिरी, सुंठ, वेलची यांचा वास काचेतून आत येत नाही, आणि आला तरी मास्क आहे.

या वासाशी आपला संबंध जुना आहे, हे मात्र बसमधल्या मंडळींना सांगावंसं वाटतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांचा माल बैलगाड्यांनी भडोचला जातो असं आहे. त्याच टिपणात मिरीसाठी मुझिरिस बंदराचं नाव आहे, ते इथून उत्तरेला जवळच. १३४१ च्या पेरियारच्या पुराने ते बंदर गाळात गेलं आणि कोचीचं तोंड मोठं झालं, असं मानतात. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्याचा माल समुद्रात होता. तेरचं लामतुरे संग्रहालय पाहिलेल्या माणसाला कोचीत परकं वाटायचं कारण नाही.

चिनी जाळ्यांपाशी बस थांबते. वारा असतो, उघडं असतं, म्हणून इथे गाइड जरा सैल सोडतात. हा वेळ फोटोत घालवू नका, एक जाळं वर येताना पूर्ण बघा. सागवानी खांबांचा दहा मीटर उंच सांगाडा, पुढे वीसेक मीटर पसरलेलं जाळं, मागे दोरांना बांधलेले ओबडधोबड दगड. सगळ्या दोरांची लांबी सारखी नसते, गंमत त्यात आहे. जाळं वर यायला लागलं की दगड एकामागून एक फळीवर टेकत जातात, तसतसं मागचं वजन घटतं आणि तोल बिघडत नाही. आपल्याकडच्या मोटेच्या विहिरीवर बैल मागे सरताना नाडा सैल पडतो, तसाच हिशोब. एका जाळ्याला पाच-सहा माणसं. जाळं पाण्यात थोडाच वेळ ठेवतात आणि हाती मूठभर मासळी लागते. भरतीच्या वेळी जास्त.

उकाड्याबद्दल: आपल्याकडचं ऊन कोरडं, इथली हवा ओली. कापडी मास्क तासाभरात भिजतो, आणि भिजलेल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं. माणशी तीन मास्क, वेगळ्या पिशव्यांत. लोक मास्क खाली घेतात त्याचं कारण बेफिकिरीपेक्षा घामच जास्त असतं.

बस परतायची वेळ जहाज सुटायच्या बरीच आधीची असते, कारण शिडीवर पुन्हा ताप मोजतात, पुन्हा पट्टा तपासतात. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, यंत्र लाल दिवा दाखवतं. सावलीत दहा मिनिटं बसून पुन्हा मोजायला सांगा.

निघताना फोर्ट कोची डावीकडे येतं. संध्याकाळी बहुतेक लोक आंघोळीला आणि जेवणाला पळतात, डेक रिकामा मिळतो. बसने दाखवलेल्या शहरापेक्षा हे अर्ध्या तासाचं बंदर जास्त पदरात पडतं, आणि त्याला ना बबल लागतो ना गाइड.

जानेवारी २०२२

मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर एका कर्मचाऱ्याला लागण निघाली, म्हणून सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली आणि ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. प्रवाशांना सहलीला उतरू दिलं नाही. जहाज मुंबईला परतलं आणि तिथे पुन्हा सगळ्यांचे स्वॅब. आणि हे लोक लसीचे अन् निगेटिव्ह रिपोर्टचे कागद दाखवूनच चढलेले. ७२ तासांपूर्वीचा स्वॅब त्या ७२ तासांचं काही सांगत नाही, हे ओमायक्रॉनने दाखवून दिलं.

तेव्हा फेब्रुवारीत निघणाऱ्यांसाठी यादीत भर: बीपी-शुगरच्या गोळ्या परतीच्या तारखेनंतर सात दिवस पुरतील एवढ्या, कारण विलगीकरण आता सात दिवसांचं आहे. मुंबईहून परतीचं रेल्वे तिकीट त्याच रात्रीचं काढू नये. आणि बुकिंग करताना कंपनीला लेखी विचारावं की बंदराने उतरू दिलं नाही तर किनारा-सहलीचे पैसे परत मिळतात का, आणि पॉझिटिव्ह निघालेल्याच्या सोबत्याचा विलगीकरणाचा खर्च कोणाकडे. तोंडी उत्तर धरू नका, ईमेल मागा.