ऑर्गन कुठे ठेवायचा

माघातल्या उत्सवात राजापूर तालुक्यातल्या एका गावी ‘संगीत सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकाचा साउंड माझ्याकडे होता. प्रयोगाला तीन महिने झाले, पण गावातला वाद अजून मिटलेला नाही. रंगवलेले जुने पडदे बरे, की नव्या पद्धतीचा काळा, मोकळा रंगमंच? दोन्ही बाजूंचे लोक दाखला देतात तो त्याच रात्रीचा. माझ्याकडे त्या रात्रीचं १६ चॅनलचं रेकॉर्डिंग आहे. ते कितीदा ऐकलं तरी मला निकाल लावता येत नाही.

रंगमंच म्हणजे देवळासमोरचा जांभ्याचा चौथरा. २४ फूट रुंद, २० फूट खोल, साडेतीन फूट उंच. वर पत्रे, बाजूंना झाप. गावाचे चार पडदे आहेत: रस्ता, राजवाडा, उपवन आणि अरण्य. मांजरपाटावर सरसात कालवलेले रंग, खालच्या कडेला बांबू, दोन्ही अंगांना दोरी आणि कप्पी. दोरी ओढली की पडदा बांबूवर गुंडाळत वर जातो. देवळाच्या माळ्यावर पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, आणि सरसाच्या वासाने उंदीर येतात. राजवाड्याच्या एका खांबाचा बुंधा त्यांनी केव्हाच खाल्लाय. रस्त्याचा पडदा सगळ्यात पुढे, कडेपासून सहा फुटांवर. तो खाली असला की नटाला वावरायला सहा फुटांचीच पट्टी उरते. ही पट्टी लक्षात ठेवा.

दिग्दर्शक गावच्याच घरातला, मुंबईत वाढलेला, प्रायोगिक नाटकं केलेला. माणूस हुशार, मेहनती. त्याने पडदे वर गुंडाळून ठेवायला लावले, तिन्ही बाजूंनी काळं कापड लावलं आणि एक, दोन, तीन फूट उंचीच्या प्लायच्या लेव्हल्स, म्हणजे उंचवटे, मांडल्या. सगळ्यात मागच्या, उंच लेव्हलवर कृष्ण, कारण सूत्रं त्याच्या हातात. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पण वादक दिसले की भ्रम मोडतो, असंही त्याचं मत. म्हणून नेहमी चौथऱ्यापुढे खाली, प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बसणारे ऑर्गन आणि तबला मागच्या काळ्या कापडाच्या आड गेले. सकाळी त्याने मला विचारलं, “दादा, वादक मागे बसले तर चालेल ना?” मी म्हटलं, “मॉनिटर देतो, चालेल.” (मॉनिटर म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर.) तेव्हा हे बोलायला नको होतं.

दिवसभराचं काम थोडक्यात सांगतो. प्लायची लेव्हल आतून पोकळ, म्हणजे तो ढोलच. पावलं टाकली की कडेचे फूटमाइक धडधडतात. पोत्यांत भाताचा पेंढा ठासून आत भरला, तेव्हा आवाज बसला. कॉलरमाइक छातीवर लावला की कृष्णाच्या कंठ्या त्यावर खुळखुळतात, म्हणून माइक कपाळावर, मुकुटाच्या कडेखाली. घाम तिथेही उतरतो, पण गोंदपट्टीचा छोटा बांध घातला तर तीन तास निभावतं. लाइटवाल्याने दिवे कमी-जास्त करणारे डिमर विजेच्या आमच्याच फेजवर घेतले होते, ऑर्गनच्या माइकमधून भुंग्यासारखी गुणगुण यायला लागली. त्याचं म्हणणं, “तुमच्या वायरीत काहीतरी आहे.” लाइटवाल्यांचं नेहमी हेच म्हणणं असतं. डिमर दुसऱ्या फेजवर घ्यायला लावले, मीठ-कोळशाच्या आर्थिंगच्या खड्ड्यात दोन कळश्या पाणी ओतलं, गुणगुण गेली.

तबलजींनी दोन तबले आणले होते. सुभद्रेच्या काळी चार पट्टीला मोठ्या तोंडाचा, कृष्णाच्या काळी दोनला लहान तोंडाचा. खाडीवरच्या हवेत रात्री पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, दिव्याजवळ तापली की चढतो. मागे काळ्या कापडाच्या आड दिवा नव्हता, दमट वारा मात्र थेट. दर दोन पदांमागे हातोडी घ्यावी लागली.

आता मुख्य गोष्ट. मागचा ऑर्गन आणि पुढे उभी असलेली गायिका यांत जेमतेम २५ फुटांचं अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे हे अंतर २२-२३ मिलिसेकंदांचं. तेवढ्याने कुणाचा ताल जात नाही, आणि मॉनिटर तर पायाशीच होता. ऐकू सगळ्यांना सगळं येत होतं. पण नाट्यपद नुसतं ऐकून वाजवता येत नाही. नट आलाप किती लांबवेल, तान तालाच्या एका आवर्तनात संपवेल की दोन घेईल, मुखड्यावर, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या ओळीवर, केव्हा येईल, हे कागदावर नसतं. ते त्याच्या मानेत, भुवयांत, श्वास घेताना उचललेल्या खांद्यात असतं. ऑर्गनवाला ते बघून आधी सूर भरतो, तबलजी बघून समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, तयारी करतो. आणि प्रेक्षकांतून वन्समोअर आला तर पुन्हा कुठून उचलायचं, हे एका नजरेत ठरतं.

दुपारच्या तालमीत घोटाळा दिसताच मी कॅमेऱ्याची युक्ती काढली. दुकानांत लावतात तसला वायफाय कॅमेरा समोरच्या खांबाला बांधला आणि वादकांपुढे टीव्ही ठेवला. मग रंगमंचावर एकाला टाळी वाजवायला सांगितली. आवाज आला, आणि टीव्हीतले हात जवळजवळ अर्ध्या सेकंदाने मिटले. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा! तबलजी म्हणाले, “हे बघून वाजवण्यापेक्षा डोळे मिटून वाजवीन.” साध्या वायरवरचा ॲनालॉग कॅमेरा असता तर चित्र जवळपास लगेच आलं असतं. तो आणायला रत्नागिरी गाठावी लागली असती, आणि वाजले होते चार. मी गेलो नाही.

पालखी, आरती, कीर्तन होऊन साडेदहाला नांदी झाली. नारदाचं पद सुखरूप पार पडलं, कारण चिपळ्या त्याच्या स्वतःच्या हातात होत्या. सुभद्रा आली तेव्हा फसलं. मुंबईतल्या तालमींत ऑर्गन तिच्या डाव्या हाताला असायचा. आलाप संपवून मुखडा उचलताना तिची मान सवयीने डावीकडे वळली. तिथे काळं कापड. ती क्षणभर थांबली. मागे तबलजींना वाटलं, अजून एक आवर्तन घेतेय, म्हणून त्यांनी लग्गी, म्हणजे जलद बोलांची वाजवणी, सुरू केली. तेवढ्यात तिने मुखडा घेतला. ऑर्गन तिच्याकडे जावा की तबल्याकडे, या पेचात दोन सूर नुसता धरून राहिला. तिने दोन अक्षरं गिळली आणि सम गाठली. प्रेक्षकांना यातलं काही कळलं नसेल, पण टाळी आली नाही. पुढच्या पदात तिने आलाप निम्मा केला, त्यापुढच्यात घेतलाच नाही. कृष्ण तर तीन फूट उंच लेव्हलवर, मागे उभा. काळं कापड वरच्या पट्टीचा आवाज पितं, त्यामुळे व्यंजनं मऊ पडत होती. मी ती मिक्सरवरून उचलली की माइक शिट्टी मारायचा.

मध्यंतरात चहा-भज्यांच्या टेबलाशी उभं राहिलो. साउंडवाल्याने हे नेहमी करावं, आणि आपण साउंडवाले आहोत हे सांगू नये. एक तात्या म्हणत होते, “द्वारका कुठली, अरण्य कुठलं, काही पत्ता नाही. नाटक आहे की श्राद्ध?” कॉलेजातला मुलगा म्हणाला, “आजोबा, त्या राजवाड्याच्या खांबाला हात लावला की खांब हलतो. आम्हाला हसू आवरत नाही.” तोही खोटं बोलत नव्हता. एक चाकरमानी मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात पडद्यावर दाखवतात ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग बघून आलेले. तिकडे राजाला सूट-बूट घालून आणतात आणि लोक चवीने बघतात, असं ते सगळ्यांना सांगत होते. फक्त एक काकू वेगळं बोलल्या: “कृष्णाला एवढं लांब कशाला उभं केलंय? गातोय कुणासाठी?”

दिग्दर्शकानेही दुपारी जेवताना ऑपेराचाच दाखला दिला होता. जर्मनीतल्या बायरॉइटला १९७६ साली फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरोने वाग्नरचं ‘रिंग’ नव्याने बसवलं, ऱ्हाइन नदीच्या जागी जलविद्युत धरण उभं केलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला. १९८० मध्ये शेवटच्या प्रयोगाला त्याच निर्मितीसाठी तासाभराहून जास्त टाळ्या वाजल्या. सगळं खरं आहे. पण त्या नाट्यगृहात वाद्यवृंद बसतो तो रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात. प्रेक्षकांना कंडक्टर, म्हणजे हातवाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणारा, दिसत नाही, गायकांना मात्र तो दिसतो. वाग्नरने १८७६ मध्येच ती सोय करून ठेवली. शेरोने धरण बांधलं, पण कंडक्टर पिएर बूलेझला जागेवरून हलवलं नाही. शिवाय तिथे गायक कंडक्टरच्या मागे जातो आणि आपल्याकडे वाद्यं गायकाच्या मागे, म्हणजे आपल्याला नजरेची गरज जास्तच. हे मला जेवताना सुचायला हवं होतं, सुचलं भजी खाताना.

आणि तात्यांनाही एक सांगायचं राहिलं. ते ज्याला परंपरा म्हणतात ते १८८२ साली, ‘सौभद्र’ आलं तेव्हा, नवंच होतं. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा. ‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी पात्रांना स्वतः गायला लावलं. रंगवलेले पडदेही आपले नव्हेत, ते इंग्रजी आणि पारशी रंगभूमीकडून आले. तेव्हाही कुणीतरी नाकं मुरडली असतीलच.

मध्यंतर संपायला पंधरा मिनिटं होती. मी दिग्दर्शकाला न विचारता ऑर्गन पुढे आणायचं ठरवलं. चौघांनी उचलला, मागच्या उतारावर एक पाय दगडाला लागला. पुढे ठेवून भाता मारला तर मधल्या सप्तकातला एक सूर थांबेचना. धक्क्याने कचरा सरकून झडप नीट बसत नव्हती. पट्टी चार-पाचदा जोरात आपटली, कचरा उडाला, झडप बसली. केबल १५ मीटरची, पुरेना. जोड मारला, जोडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, कारण दव पडायला लागलं होतं. तबला ऑर्गनशेजारी. दिग्दर्शक आला, बघितलं, काही बोलला नाही. रागावला होता, पण तिसरी घंटा झाली होती.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. उत्सव समितीतले एक गृहस्थ पहिल्यापासून पडद्यांसाठी तळमळत होते. लेव्हल्स सरकवताना अंधारात मोबाइलचे दिवे दिसतात, हे निमित्त साधून त्यांनी रस्त्याचा पडदा खाली सोडला. हलवाहलव झाली की वर घेऊ म्हणाले. वर घेताना डावी कप्पी अडकली. खारट हवेने गंजलेली, वर्षभर तेल नाही. एका बाजूने पडदा चढला, तिरका झाला, पुन्हा सोडावा लागला. दोन प्रवेश तो तसाच खाली. त्यात कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश आला. तीन फूट उंचीवर, मागे उभा राहायचा कृष्ण आता सहा फुटांच्या पट्टीत, वादकांपासून हातभर अंतरावर, प्रेक्षकांच्या पुढ्यात. पाठीशी सरसाने ताठरलेलं कापड, त्यावरून आवाज पुढे फेकला जात होता. मी मिक्सरवरचे दोन फेडर खाली आणून आवाज कमी केला तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता. ‘नच सुंदरी करू कोपा’ला दोन वन्समोअर. दुसऱ्या वेळी त्याने ऑर्गनवाल्याकडे नुसतं बघितलं, आणि तिघेही एकदम अंतऱ्यावर उतरले. काकूंच्या बाजूने कुणीतरी शिट्टी मारली, ती कौतुकाची.

पुढे पडदा वर गेला, काळा रंगमंच आणि लेव्हल्स परत आल्या. रंग मात्र उतरला नाही. साडेतीनला संपलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा निष्कर्ष: पडदा पडला आणि नाटक उभं राहिलं. दिग्दर्शकाचा: पहिल्या अंकात लोकांना सवय नव्हती, नंतर डोळा बसला, शेवटचा प्रवेश काळ्या रंगमंचावरच रंगला ना? ऑर्गनचं नाव कुणी काढलं नाही.

मी रेकॉर्डिंग घेऊन बसलो. पहिल्या भागात नऊ पदं, त्यांतल्या सहांत मुखड्यावर तबला आणि गळा एकमेकांना चुकतात. दुसऱ्या भागात असं एकदाच होतं. माझ्या मते सगळा फरक ऑर्गनच्या जागेचा. पण मीच ऑर्गन हलवला त्याच वेळी पडदाही पडला, कृष्णही पुढे आला. शिवाय कंटाळलेले लोक मध्यंतरात घरी गेले होते. उरले ते गाण्याचे दर्दी, त्यांनी कशालाही वन्समोअर दिला असता. पडद्यामुळे आवाज पुढे आला हे माझे मीटरही दाखवतात. मग तात्या साफ चुकीचे कसे म्हणू?

गेल्या आठवड्यात समितीने मला दोन कोटेशनं मागितली. एक, पडदे नव्याने रंगवून घेऊन कप्प्या बदलल्या तर साउंड कसा लागेल. दुसरं, मागे एलईडी भिंत लावली तर. मी म्हटलं, कोटेशन देतो, पण आधी एक दिवस द्या. ऑर्गन पुढे ठेवू. एक पद पडद्यासमोर, तेच पद काळ्या कापडासमोर, आणि तेच पुन्हा वादक मागे बसवून. नट तेच, पट्टी तीच, ऐकायला तुम्ही सगळे. दिग्दर्शक फोनवर लगेच तयार झाला.

तात्या म्हणाले, “तीनदा तेच पद? मग पहिल्यांदा पडदा लावा. बाकीचं तुम्ही ऐका.”