गच्ची कुणाची, ते आधी बघतो: दिल्लीतल्या आमच्या सोलर फर्मची वाटचाल

वडील खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यासाठी दिल्लीत आले. करोलबागेत सोनं-चांदी आटवायचं काम. विट्याच्या आसपासची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली, त्यातलेच आम्ही. मला भट्टीपुढे बसण्यात रस नव्हता. आयटीआय केलं आणि पश्चिम दिल्लीत इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान टाकलं. तेव्हा इथे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे दुकान बरं चाललं. २००२ मध्ये वीज वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं, पुढच्या काही वर्षांत वीजकपात कमी होत गेली, आणि तशी आमची विक्रीही. दिल्लीकर म्हणून मी खूश होतो, दुकानदार म्हणून नव्हतो.

२०१४ मध्ये दिल्ली वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम काढले. दिवसा गच्चीवर तयार झालेली जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाणार, संध्याकाळी ती बिलातून वजा होणार, बॅटरीची गरज नाही. बॅटरी विकून पोट भरणाऱ्या माणसाला ही बातमी कशी वाटली असेल बघा! पण वायरिंग, अर्थिंग, पॅनल बोर्ड हे सगळं आमच्या हातातलंच काम होतं. २०१६ च्या दिल्लीच्या सौर धोरणात तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे २ रुपये प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली आणि चौकशीचे फोन यायला लागले.

सुरुवातीची वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. २०१९ च्या केंद्रीय योजनेत तीन किलोवॉटपर्यंत ४० टक्के सबसिडी होती, पण ती टेंडरमधून निवडलेल्या ठेकेदारांमार्फत मिळायची. ग्राहकाने सबसिडी वजा करून पैसे द्यायचे आणि उरलेले ठेकेदाराने सरकारकडून घ्यायचे. एवढे दिवस पैसे अडकवून ठेवायची आमची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही मोठ्यांकडून मजुरीवर कामं घ्यायचो. तेव्हा एका ठेकेदाराकडे आमची बरीच रक्कम थकली. विचारलं की उत्तर ठरलेलं: वरून आली की देतो.

२०२२ च्या जुलैत केंद्राचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं आणि आमच्यासारख्या लहान फर्मचं नशीब तिथे पालटलं. सबसिडी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जाऊ लागली. अडीच लाखांची बँक गॅरंटी दिली की आम्हालाही नोंदणीकृत विक्रेता म्हणून काम करता येत होतं. पत्नीच्या नावावरची एफडी मोडून ती दिली. सबसिडी तेव्हा तीन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे १४,५८८ रुपयेच होती, पण पैसा आमच्या आणि ग्राहकाच्या मध्ये कुणाकडे अडकत नव्हता, हे महत्त्वाचं.

त्या दिवसापासून एक नियम ठेवला. दर सांगताना पूर्ण किंमत सांगायची. इथला ग्राहक पहिल्याच फोनवर म्हणतो, “भाईसाब, सब्सिडी काट के बताओ.” आम्ही काटून सांगत नाही. सबसिडी ग्राहक आणि सरकार यांच्यातला व्यवहार आहे. ती मिळावी म्हणून लागेल ती सगळी खटपट आम्ही करतो, पण ती आमची सूट म्हणून विकत नाही. यामुळे बरेच ग्राहक हातचे जातात. गेले तर गेले.

दिल्लीतलं खरं अवघड काम गच्चीवर चढण्याआधीच सुरू होतं. पश्चिम आणि दक्षिण दिल्लीत जुनी कोठी पाडून बिल्डरने चार मजले चढवायचे आणि प्रत्येक मजला वेगळ्या मालकाला विकायचा, ही रीत. मग गच्ची कुणाची? खरेदीखतात कधी लिहिलेलं असतं की गच्चीचा हक्क फक्त सर्वात वरच्या मजल्याला. कधी चौथा हिस्सा प्रत्येकाला. आणि कधी अशी ओळ सापडते की तळमजल्याच्या मालकाला गच्चीवर पाण्याची टाकी आणि टीव्हीचा अँटेना ठेवण्यापुरताच हक्क राहील. आमच्याकडे फायली बघणाऱ्या ताई खरेदीखत वाचायला घेतात तेव्हा ओळीखाली पट्टी धरतात. ‘छत’ शब्द आला की पट्टी थांबते. पॅनल कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न आमच्याकडे त्यानंतर येतो.

राजौरी गार्डनजवळच्या एका घरात तिसऱ्या मजल्याच्या मालकाला पाच किलोवॉट हवे होते आणि गच्चीत चौघांचाही हिस्सा. तीन सह्या मिळाल्या, तळमजल्यावरच्या आंटी अडून बसल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मेरे कपड़े कहाँ सूखेंगे, और सर्दी में धूप कहाँ सेकूँगी? मुद्दा रास्त होता. दिल्लीच्या थंडीत गच्चीवरचं ऊन ही चैन नव्हे, गरज आहे. आम्ही नकाशा बदलला. पॅनल उत्तरेच्या कडेला आठ फूट उंच स्ट्रक्चरवर नेले, दक्षिणेचा पट्टा मोकळा ठेवला आणि स्ट्रक्चरच्या दोन खांबांना कपड्यांच्या तारेसाठी हुक लावून दिले. आंटींनी स्टँप पेपरवर सही केली आणि वर चहाही पाजला. उंच स्ट्रक्चरला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो, शिवाय मे-जूनच्या आंधीत वारा खालून पॅनल उचलू बघतो, त्यामुळे खांबांच्या पायात कंजुषी चालत नाही. तरी दिल्लीत आमची बहुतेक कामं उंच स्ट्रक्चरचीच. गच्ची वापरात राहिली की शेजारी शांत राहतात.

सावलीचा हिशेबही इथला वेगळा. डिसेंबरच्या मध्यान्ही दिल्लीत सूर्य जेमतेम ३८ अंश वर येतो. जिन्यावरची खोली, इथे तिला ममटी म्हणतात, दहा फूट उंच असेल तर तिची सावली भर दुपारी उत्तरेकडे तेरा फुटांच्या घरात जाते आणि सकाळी नऊला त्याहून बरीच लांब. मे महिन्यात गच्ची बघून ‘सगळीकडे ऊन आहे’ म्हणणाऱ्या ठेकेदारावर विश्वास ठेवू नये. त्यात नोव्हेंबरपासून धुरकं, मग धुकं. वर्षाची सरासरी काढली तर किलोवॉटमागे रोज चारेक युनिट धरतो, पण जानेवारीत तेवढे येणार नाहीत, हे आम्ही आधीच लिहून देतो. धुळीचा थर धुवायला पाण्याची जोडणी वर हवीच. माकडांवर मात्र आमच्याकडे अजून उपाय नाही.

गच्चीचा हक्क ठरला की दुसरा घोळ नावाचा. वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच गेलेले, अर्ज नातवाचा, बँक खातं सुनेचं. पोर्टलवर अर्ज बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने होतो आणि सबसिडीही त्याच नावाच्या माणसाला जाणार. मग आधी बिलावरचं नाव बदला: मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, मालकीचे कागद. दिल्लीत कितीतरी घरं मुखत्यारपत्रावर हातोहात विकली गेली आहेत, तिथे मालकीचे कागद मागितले की घरात एकदम शांतता पसरते. हे सगळं निस्तरल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि चित्र बदललं. सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. त्याच सुमारास वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळाल्याचंच धरायचं आणि त्यासाठी मंजूर भार वाढवायचा असेल तर तो वितरण कंपनीने वाढवायचा. पेपरात गाजावाजा सबसिडीचा झाला. माझ्या मते मोठी गोष्ट ही दुसरी होती. त्याआधी एका कार्यालयात ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासायची म्हणून आमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर इतकी फिरली की ग्राहकाने कंटाळून एसीच विकायचं बोलून दाखवलं.

मार्च २०२४ मध्ये दिल्लीचं नवं सौर धोरण अधिसूचित झालं: तीन किलोवॉटपर्यंत तयार झालेल्या युनिटमागे ३ रुपये प्रोत्साहन रक्कम, त्यापुढे दहापर्यंत २ रुपये, पाच वर्षं. तीन किलोवॉटच्या घराला यातून महिन्याला हजाराच्या आसपास मिळू शकतात. २०२५ मध्ये दिल्ली सरकारने केंद्राच्या सबसिडीवर आपले ३०,००० घातले, तेव्हा तीन किलोवॉटला एकूण सबसिडी १,०८,००० झाली.

एवढं असूनही सगळे का बसवत नाहीत, असं गावाकडचे पाहुणे विचारतात. कारण साधं आहे. दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट आहे. ज्याचं बिल शून्य येतं त्याला मी काय विकणार? आमचा ग्राहक चारशेच्या वरचा. त्यातही ज्याची निव्वळ खपत सोलरमुळे दोनशेच्या आत येते त्याला सगळ्यात फायदा, कारण ही फुकट विजेची सवलत ग्रिडमधून घेतलेल्या निव्वळ युनिटवर मोजायची असं दिल्लीच्या २०२४ च्या सौर धोरणाने ठरवलं. म्हणून आम्ही बारा महिन्यांची बिलं मागतो. एकट्या जूनच्या बिलावर प्लँट ठरवला तर उरलेले आठ-नऊ महिने तो नको तेवढा मोठा ठरतो.

सबसिडी हवी तर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. धंद्यात याला डीसीआर म्हणतात. ते महाग पडतात. “शेजारच्याला स्वस्तात मिळाले” असं कुणी म्हणालं की आम्ही एकच विचारतो, डीसीआर होते का? प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक पोर्टलवर चढवावा लागतो. स्टिकर पाठीमागे असतो. कमी उंचीच्या स्ट्रक्चरवर पॅनल कसल्यावर तो वाचायला उताणं होऊन खाली सरपटावं लागतं. आमची पोरं खोकं उघडल्याबरोबर आधी फोटो काढतात. मग मालकासह प्लँटचा फोटो, त्यावर अक्षांश-रेखांशासकट. एका ऐंशीच्या पुढच्या आजोबांना शिडी चढवेना, खालून काढलेल्या फोटोत पॅनलची नुसती पाठ दिसे. शेवटी फोटोवाला पोरगा शेजारच्या गच्चीवर गेला आणि तिथून ओरडून माकडटोपी काढायला सांगितली. फोटो मंजूर झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचे काही आठवडे ‘थांबतो जरा’ म्हणणाऱ्यांचे होते, नंतर एकदम झुंबड उडाली आणि स्ट्रक्चर बसवणारे कारागीर मिळेनात.

सध्या हात घातलाय तो सोसायट्यांच्या कामात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी केंद्राकडून किलोवॉटमागे १८,००० मिळतात, आणि एका गच्चीवरची वीज अनेक बिलांत वाटून देण्याची व्हर्च्युअल नेट मीटरिंगची सोय दिल्लीत २०१९ पासून आहे. गच्ची सगळ्यांची असल्याने तिथे हक्काचा वाद कमी, पण ठराव सर्वसाधारण सभेत पास व्हावा लागतो. द्वारकेच्या एका सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. सेक्रेटरींनी सांगून ठेवलंय की पहिला तास पार्किंगवर जाईल, तुम्ही साडेअकरानंतर या.