पालखीच्या वाटेवरचे दगड वाचताना

आळंदीहून माऊलींसोबत निघालेली आमची दिंडी दिवे घाट चढून सासवडला पोचते, तिथे दोन रात्रींचा मुक्काम. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन झाले की हाताशी थोडा वेळ उरतो. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ एप्रिल 1720 मध्ये इथेच वारले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. तिथवर जाऊन यायला फार वेळ लागत नाही.

खरे वाचन पुढे, वेळापुरात. अर्धनारीनटेश्वराचे देऊळ यादवकाळातले आणि तिथले जुन्या मराठीतले शिलालेख राजा रामचंद्रदेवाच्या वेळचे. दुपारच्या उभ्या उन्हात अक्षर सपाट दिसते, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. आषाढात आभाळ भरलेले असते, तेव्हा टॉर्च हवीच. ती समोरून धरू नये. दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाकावा, आधी डावीकडून, मग वरून, आणि दोन्ही वेळा फोटो घ्यावेत. एका बाजूने न दिसलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते.

नवखा वाचक हमखास अडतो तो पडिमात्रेवर. त्या काळी ‘ए’ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अलीकडे उभी रेघ काढून लिहीत. ‘देव’मधली ती रेघ आपण आधीच्या अक्षराचा काना समजतो आणि सगळी ओळ बिघडते. शक सापडला तर त्यात 78 मिळवावेत. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल, तर बहुधा 79.

देवळांच्या आवारात आणि गावांच्या वेशीपाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड दिसतात. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधन राखताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एकटा हात दिसला, तर ती सतीशिळा. गद्धेगळ या दानाच्या दगडावरचे गाढव आणि स्त्रीचे शिल्प पाहून लोक ओशाळतात, पण तो कायद्याचा दगड आहे: दिलेले दान मोडणाऱ्याला घातलेली ती शिवी.

या दगडांचे नुकसान द्वेषाने क्वचितच होते, भक्तीनेच जास्त होते. वीरगळाला म्हसोबा समजून शेंदूर-तेल चढते. तेलावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा शेंदूर, आणि काही वर्षांत चौकटी बुजतात. मग कोणी तारेचा ब्रश घेऊन तो थर खरवडतो. उथळ कोरीव काम दगडाच्या झिजलेल्या वरच्या थरातच असते, ते त्याबरोबर जाते. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये. भरणाऱ्याने चुकीचे वाचले असेल, तर पुढचे सगळे तेच वाचतात. कोरडा मऊ ब्रश पुरे.

पालखी मार्ग आता 965 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. रुंदीकरणाच्या ढिगाऱ्यात असा दगड दिसला, तर शेजारी काठी किंवा पट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो घ्यावेत, मोबाइलवर ठिकाण नोंदवावे आणि ग्रामपंचायत व पुरातत्त्व खात्याला कळवावे. ट्रॅक्टरने देवळात नेऊन ठेवणे आम्हाला पटत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. गद्धेगळ ज्या जमिनीच्या दानाचा असतो, तिच्यापासून तुटला की त्याचा निम्मा अर्थ जातो.

पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके 1195 ते 1199, म्हणजे 1273 ते 1277 या काळातला. देवळासाठी कोणी किती दिले, याची ती यादी आहे. त्यात रामचंद्रदेव आहे, हेमाडपंडित आहे आणि साधे दातेही आहेत. या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी पाठी घासल्या आणि अक्षरे गुळगुळीत झाली. एकादशीला गर्दीत तिथे थांबताच येत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की रांग ओसरते, तेव्हा जावे. हात न लावता, तिरप्या नजरेने पाहिले, तर काही ओळी अजून लागतात.