गायरानातली टीम

२०२५ चं लक्ष्मीपूजन मी सहाच्या ठोक्याला उरकलं. उरकलं हाच शब्द खरा. केरसुणीच्या जागी प्लॅस्टिकचा ब्रश, त्याला हळदकुंकू लावायला हात धजेना म्हणून तो कपाटामागेच ठेवला. वाटीत साखरफुटाणे, शेजारी पगाराची स्लिप, खिडकीत एक पणती. घराबाहेर पडताना ती पणतीसुद्धा विझवावी लागली, कारण भाड्याच्या घरातला स्मोक अलार्म लक्ष्मीपेक्षा लवकर कोपतो. मग काळा-पांढरा मफलर गळ्यात टाकला आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क या स्टेडियमच्या दिशेनं टेकडी चढायला लागले. आठ वाजता आमच्या न्यूकॅसल युनायटेडचा पोर्तुगालच्या बेन्फिकाशी फुटबॉलचा सामना होता, आणि किती महिन्यांनी सोडतीत माझं तिकीट लागलं होतं. इथे पैसे आहेत म्हणून तिकीट मिळत नाही. मेंबर व्हायचं, नाव टाकायचं, आणि आपल्याकडे घरकुलाच्या यादीत नाव शोधतात तसं शोधत बसायचं.

निघताना नानांचा फोन झाला होता. अंबाजोगाईत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. "बाई, दिवाळीच्या दिवशी कुठं निघायलीस?" म्हटलं, मॅचला. "जिंकायली का हारायली तुझी टीम?" म्हटलं, नाना, अजून सुरू व्हायचीय. मग सोयाबीनचं निघालं. सप्टेंबरात मांजरेला पूर आला आणि आमचं खालचं अडीच एकर चार दिवस पाण्यात उभं राहिलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. जे हाती लागलं ते काळं, त्याला भाव कुठला? मराठवाड्यात पाऊस एक तर येत नाही, नाहीतर असा येतो. दोन्हीच्या मध्ये यायची त्याला सवय नाही.

मी नर्स आहे, आणि न्यूकॅसलला आले २०२१ च्या नोव्हेंबरात. त्याच महिन्यात एडी हाऊ या टीमचा मॅनेजर झाला, म्हणून आम्ही दोघं एकाच बॅचचे, असं मी मानते. त्याला हे माहीत नाही, तो भाग वेगळा. त्याचीही सुरुवात धडच होती असं नाही. पहिल्याच सामन्याआधी त्याला कोविड झाला आणि सामना त्यानं हॉटेलच्या खोलीत बसून पाहिला. टीमनं तोवर सीझनमधला एकही सामना जिंकलेला नव्हता.

फुटबॉल मला शिकवला एका म्हाताऱ्या पेशंटनं. हे बाबा जन्मभर कोळशाच्या खाणीत होते, छातीत त्याची धूळ घेऊन वॉर्डात आलेले. रात्री झोप यायची नाही. एका रात्री त्यांनी ट्रेवर औषधांचे रिकामे कप मांडले, चार इकडे, तीन तिकडे, कापसाचा बोळा म्हणजे चेंडू, आणि मला ऑफसाइड समजावलं. ऑक्सिजनची नळी नाकात, दर दोन वाक्यांनी दम खायचा, पण कप चुकीच्या जागी ठेवला की हातावर चापट. "हिन्नी," म्हणायचे, "नो, हिन्नी." हिन्नी म्हणजे इथलं बाई, पोरी. ते बोलायचे ते मला सुरुवातीला नीट कळायचंच नाही. नंतर समजलं की लंडनच्या डॉक्टरांनाही कळत नाही. तेव्हा मला फार बरं वाटलं. पुण्यात शिकताना माझ्या "काय करायलीस"वर होस्टेल हसायचं.

बाबांनी सांगितलं, मोठा देशी कप आम्ही शेवटचा १९५५ साली जिंकला, एफए कप. १९६९ ला युरोपातला एक फेअर्स कप आला आणि मग काही नाही. मी हिशोब केला. १९५५ साली आमचं अंबाजोगाई हैदराबाद राज्यात होतं, जुन्या लोकांच्या तोंडी मोमिनाबाद होतं, महाराष्ट्र जन्मायचा होता. (जाता जाता सांगते, १९५६ ला आपण हैदराबादेतून बाहेर पडलो, आणि त्याच वर्षी हैदराबादच्याच सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताची फुटबॉल टीम मेलबर्न ऑलिंपिकला चौथी आली. म्हणजे फुटबॉल शेजारच्याच घरात होता, आपण क्रिकेटच्या वाड्यावर राहायला गेलो.) सत्तर वर्षं काही न मिळणं म्हणजे काय, ते मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्याला अनुशेष हा सरकारी शब्दच आहे. इथल्या लोकांचीही तक्रार तीच असते: कोळसा आमचा, जहाजं आमची, पैसा दक्षिणेत. खाणी बंद पडल्या, बंदर थंडावलं, राहिली ती टीम. तिचं स्टेडियमही गावाच्या बाहेर नाही, ऐन गावात टेकडीवर आहे. खालून येताना देवळासारखं दिसतं. आणि ज्या जमिनीवर ते उभं आहे ती शहराच्या गायरानाची. खरंच गायरान. शेजारच्या टाउन मूरवर आजही गाई चरतात, आणि तिथं गुरं चारायचा हक्क शहरातल्या 'फ्रीमेन' मंडळींकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. नानांना मी फोटो पाठवला तर ते म्हणाले, "अतिक्रमण कसं झालं नाही बाई?"

१६ मार्च २०२५ ला तो अनुशेष फिटला. वेम्ब्लीवर लीग कपची फायनल, समोर लिव्हरपूल. ट्रिपियरनं कॉर्नर मारला आणि डॅन बर्ननं लांबून डोकं घातलं. हा बर्न जवळच्याच ब्लाइथ गावचा. साडेसहा फुटांच्या आसपास उंच, उजव्या हाताचं एक बोट लहानपणी कुंपणात अडकून गेलेलं. अकराव्या वर्षी याच क्लबनं त्याला नाही म्हटलं, पुढे तो सुपरमार्केटच्या आवारात ट्रॉल्या गोळा करायचा. बत्तिसाव्या वर्षी परत येऊन त्यानं तो गोल केला. दुसरा इसाकनं. २-१. मी तेव्हा ड्यूटीवर होते आणि वॉर्डात जे पेशंट दोन दिवस उठून बसत नव्हते ते उठून बसले. खाणीतले बाबा नव्हते. ते आदल्या हिवाळ्यात गेले.

आता इसाकचं. २०२५ च्या उन्हाळ्यात इथे दुसरा विषयच नव्हता. आदल्या सीझनला लीगमध्ये २३ गोल केलेला पोरगा, स्वीडनचा, पळताना पायाखाली जमीन आहे की नाही कळू नये असा. लिव्हरपूलला जायचं म्हणून तो टीमबरोबर सराव करेना, खेळेना. ऑगस्टच्या सामन्यांत आमच्याकडे मुरलेला स्ट्रायकर, म्हणजे पुढे उभं राहून गोल करणारा, नाही. लिव्हरपूल इथे आलं त्या रात्री दहा जणांवर खेळून आम्ही ०-२ वरून २-२ केलं आणि शंभराव्या मिनिटाला सोळा वर्षांच्या पोरानं आमच्यावर गोल केला. १ सप्टेंबरला अखेर साडेबारा कोटी पौंडांना सौदा झाला, ब्रिटनमधला तोवरचा सगळ्यात महागडा. बसमध्ये, कँटीनमध्ये सगळीकडे त्याला गद्दार म्हणायचे. माझ्या तोंडातून काही तो शब्द निघेना. मी कोणत्या तोंडानं बोलू? अंबाजोगाईत ज्या वॉर्डात काम शिकले, तिथे नर्स कमी आहेत हे माहीत असूनच मी इकडे आले की. मोठा पगार, मोठा दवाखाना, मोठं नाव, मलाही हवंच होतं. पण एक आहे. मी शेवटची नाइट ड्यूटी पूर्ण केली, चार्ज दिला, सिस्टरांच्या पाया पडले आणि मग एसटी धरली. जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. घरात राहून महिनाभर न जेवता बसण्याबद्दल आहे.

मला खरं दुःख आहे ते इलियट अँडरसनचं, आणि त्यावर कोणी फार बोलत नाही. तो इथलाच पोरगा, याच क्लबच्या शाळेत वाढलेला. २०२४ च्या जूनमध्ये त्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला. कारण ऐका. २०२१ पासून क्लबचे मालक सौदीचा सरकारी फंड. त्या पैशाबद्दल माझ्या मनात जे आहे ते आहे, टाळ्या वाजवताना विसरते आणि घरी आल्यावर आठवतं. पण पैसा असून खर्चता येत नव्हता, कारण लीगचा तेव्हाचा नियम होता: तीन वर्षांत तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. आणि विकत आणलेला खेळाडू विकला तर त्याची उरलेली किंमत वजा होते, घरात वाढवलेला विकला तर येईल तो सगळा नफा. म्हणजे वहीच सांगते, आधी घरचा विका. ज्यानं हा नियम लिहिला त्याला कधी घरची कालवड बाजारात न्यावी लागली नसणार. अँडरसन आता इंग्लंडकडून खेळतो.

इसाकच्या जागी आला जर्मनीचा निक वोल्टेमाडे. एक मीटर अठ्ठ्याण्णव. बर्न आणि तो कॉर्नरला शेजारी उभे राहिले की मालदांडी ज्वारीची दोन ताटं वाऱ्यावर डुलल्यासारखी दिसतात. नाना त्याला 'लांबडा' म्हणतात. उंच म्हणून सगळे त्याच्या डोक्यावर चेंडू टाकतात, आणि गंमत म्हणजे त्याची अक्कल पायात आहे. पहिल्या सामन्यात हेडरनं गोल केला खरा, पण दिवाळीच्या आधी ब्रायटनला टाचेनं केला तो पाहा. इसाक चेंडूच्या पुढे पळायचा, हा चेंडूपाशी येतो, पाठ लावून उभा राहतो, दुसऱ्याला वाट करून देतो. तेव्हा बाकीच्यांनी खेळ बदलायला पाहिजे. दिवाळीपर्यंत तरी तो पुरता बदललेला नव्हता.

आणि हे सांगायचं तर हाऊवर बोलावं लागेल. माझ्या बॅचचा असला तरी. घरी आम्ही वाघ, बाहेर शेळी. दिवाळीपर्यंत लीगचे आठ सामने झाले, नऊ गुण. बाहेरच्या चार सामन्यांत मिळून एक गोल, तो टाचेचा. बाहेर गेलं की हाऊ आधी हरायचं नाही असं ठरवतो, आणि मग जिंकायचं राहून जातं. घरीसुद्धा आर्सेनलविरुद्ध १-० नं पुढे असताना टीम मागे मागे सरकत गेली, ८४ व्या मिनिटाला बरोबरी, भरपाईच्या वेळेत दुसरा गोल. वॉर्डात आम्ही शिकतो, पेशंट स्थिर दिसतोय म्हणून मॉनिटरकडे पाठ करायची नाही. तेच.

तरी त्याला काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. कारण जोएलिंटन. हा ब्राझिलचा पोरगा २०१९ मध्ये चार कोटी पौंडांना स्ट्रायकर म्हणून आणला. पहिल्या सीझनला लीगमध्ये गोल दोन. लोक हसायचे. हाऊ आल्यावर तीनेक आठवड्यांनी नॉर्विचशी सामना होता, नवव्याच मिनिटाला आमचा एक जण लाल कार्ड घेऊन बाहेर. नाइलाजानं जोएलिंटनला मिडफिल्डला, मैदानाच्या मधल्या भागात, खाली खेचलं. तो असा खेळला, असा लोकांना भिडला, की पुढे मिडफिल्डचाच झाला. बाबांनी तो सामना माझ्या शेजारी पाहिला होता आणि म्हणाले होते, यानं खाणीत चांगलं काम केलं असतं. त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. माणूस वाया गेलेला नसतो, जागा चुकलेली असते, हे पाहणारा मॅनेजर मिळायला नशीब लागतं. आमच्या तालुक्यात असे किती तरी चुकीच्या जागी उभे आहेत.

तर बेन्फिका. त्यांचा तेव्हाचा मॅनेजर मोरिन्यो. याच मोरिन्योनं पूर्वी पोर्तुगालमध्ये दुभाष्या म्हणून काम केलं ते बॉबी रॉबसन यांच्या हाताखाली, आणि रॉबसन म्हणजे आमच्या टीमचे जुने मॅनेजर, इथला देव, इथल्याच खाणकामगाराचा पोरगा, स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा आहे. कॅन्सर झाल्यावर त्यांनी काढलेल्या फाउंडेशनचे पैसे आजही इथल्या संशोधनाला जातात. माझ्या मागे बसलेल्या आजींनी मला फ्लास्कमधला चहा दिला, मी त्यांना शंकरपाळे दिले. पहिल्या हाफला गॉर्डननं गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये गोलकीपर पोपनं चेंडू धरला आणि हातानंच असा लांब फेकला, गोफणीतून सुटल्यासारखा, की बार्न्स एकटा पळत सुटला. २-०. मग बार्न्सचाच तिसरा. आजी ओरडत होत्या, "हाउए!" म्हणजे इथलं चला रे. मी ओरडले ते मात्र "मार की लेका!" असं निघालं. कोणी वळूनही पाहिलं नाही. त्या आवाजात सगळ्या भाषा सारख्याच.

दुसऱ्या दिवशी पाडवा. व्हिडिओ कॉलवर नानांना ओवाळलं, आईनं तिकडे माझ्या वतीनं ताट फिरवलं. नानांनी ओवाळणीची शंभराची नोट कॅमेऱ्याला दाखवून परत खिशात घातली.

"लांबड्यानं गोल केला का?"

"नाही नाना, दुसऱ्यांनी केले. तीन."

"आन् त्या इकलेल्या पोराचे पैसे आले का हातात? का आमच्या नुकसानभरपाईवानी, पुढच्या महिन्यात?"

म्हटलं, असे मोठे सौदे बहुतेक हप्त्यानंच फिटतात, नाना.

नाना जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "मंग आमच्यातलेच हायेत की," म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.