कसब्यातील चौक नव्याने बांधताना

सोलापूरच्या उत्तर कसब्यातील आमच्या लहानशा चौकाचे नूतनीकरण होणार, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. वर्षानुवर्षे दुचाकींनी अडवलेली जागा पुन्हा माणसांना बसण्या-बोलण्यासाठी मिळणार असेल, तर तिच्यावर खर्च झालाच पाहिजे. मात्र आराखड्यातील गुळगुळीत ग्रॅनाइट, कारंजे आणि कमान पाहून, तो आखताना इथल्या उन्हाचा आणि वहिवाटीचा विचार झाला आहे का, अशी शंका येते.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दिवसभर तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. त्यामुळे उघड्यावरच्या दगडी बाकावर संध्याकाळीही कोणी टेकत नाही. आज चौकात लोक बसतात ते कडुनिंबाच्या पारावर. मागच्या डागडुजीत या पाराचे काँक्रीट थेट बुंध्यापर्यंत ओतले गेले. आता एका बाजूची साल काचून सोलली आहे, मुळांच्या रेट्याने पाराला बोटभर रुंद भेग गेली आहे आणि पावसाचे जे काही पाणी मुळांना मिळते, ते त्या भेगेतूनच. हे काँक्रीट फोडून बुंध्याभोवती किमान मीटरभर माती मोकळी करणे, हेच या कामातले पहिले काम असायला हवे. झाड जगले तर सावलीसाठी वेगळा खर्च करावा लागणार नाही.

फरशीबाबत घाई नको. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती पुरेशी न काढता, मुरूम आणि खडी नीट न दाबता वर पेव्हर ब्लॉक बसवले, की काही खचतात, काही वर येतात आणि म्हाताऱ्या माणसांना ठेच लागते. पाया पक्का करून, पाण्याला उतार देऊन, वर छिन्नीने टाकी लावलेला खडबडीत काळा दगड बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमानीला मात्र माझा ठाम विरोध आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, हिरेहब्बू वाड्यातून निघतात, तेव्हा मिरवणूक आमच्या चौकातून जाते. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी तो उंच, जड ध्वज तोलत चालतो, त्या वेळी त्याची नजर वर असते. पायाखाली गुळगुळीत दगड, मध्येच पायरी किंवा डोक्यावर कमान असून कसे चालेल? शेजारचे किराणा दुकानदार काका आराखडा पाहून एवढेच म्हणाले, “काठी कुठनं न्यायची, ते तरी विचारायचं होतं.”

काम सुरू होण्यापूर्वी हा आराखडा चौकातच फलकावर लावावा, मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही लिहावा आणि नंदीध्वज पेलणाऱ्यांना बोलावून दिव्यांच्या खांबांच्या जागा त्यांच्यासमोर जमिनीवर आखून घ्याव्यात, अशी मागणी आम्ही रहिवासी लेखी करणार आहोत.