मिशिगनचं मीठ आणि गिअरबॉक्सची गळती

बर्फ वितळला की गाडीखाली एकदा नीट वाकून बघा, असं मिशिगनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी सांगते. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मिठाचा मारा चालू असतो. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाणच आहे. मिठामुळे रस्ते मोकळे राहतात, पण तेच खारं पाणी गाडीखालच्या लोखंडी नळ्या बाहेरून कुरतडतं. यंदा आमच्या जुन्या गाडीखाली लाल थेंब पडायला लागले ते यामुळेच.

पुण्यात असते तर गाडी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये टाकून ऑफिसला गेले असते. इथे मजुरी तासावर, आणि गाडी वर उचलून नुसतं बघायचेही पैसे वेगळे. एका गॅरेजवाल्याने तर फोनवरच सांगून टाकलं की अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गळती कुठून आहे हे न बघताच! मला ते पटेना.

इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. त्यांच्या गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाची ताकद पुढे पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच फिरतं, त्याच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जातात, आणि आतली उष्णताही तेच नळ्यांतून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं, तिथे थंड होऊन परत येतं. ते बरंच कमी झालं की ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी क्षणभर घुटमळते, मग निघते. पुढे गिअर घसरायला लागतो. तशीच दामटत राहिलात तर चकत्या जळतात, आणि मग खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. म्हणून थेंब दिसला की लगेच हात घालायचा.

आधी थेंब कशाचा ते ठरवायचं. गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवला आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागी पेनने खुणा केल्या. इंजिन ऑइल असेल तर डाग तपकिरी-काळा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं. गिअरबॉक्सचं तेल सहसा लाल आणि बोटांत घेतलं की बुळबुळीत. काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंगलाही हेच लाल तेल असतं, म्हणून जागेची खूण महत्त्वाची. तेल काळपट आणि जळक्या वासाचं असेल तर दुखणं जुनं आहे. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमध्ये कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळलंय, आणि अशी गाडी चालवूच नये.

शेजारचे काका विलो रनच्या गिअरबॉक्स कारखान्यातून निवृत्त झालेले. जवळच्या लिव्होनियातला जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स कारखाना १२ ऑगस्ट १९५३ रोजी जळून खाक झाला, आणि कंपनीने ते काम विलो रनच्या जुन्या विमान कारखान्यात हलवलं. ही हकिकत ते रंगवून सांगतात. माझ्या पुठ्ठ्याकडे बघून मात्र एवढंच म्हणाले, “अगं, थेंब पडतो तिथे भोक नसतं. आधी सगळं धुऊन घे, मग शोध.”

या कामातली सगळी अक्कल त्या एका वाक्यात आहे. गाडी धावताना वाऱ्याने तेल मागे पसरतं, मग उतारावरून ओघळत कुठल्या तरी बोल्टच्या टोकाला लटकतं. गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, म्हणजे ऑइल पॅन, ओला दिसला म्हणून लोक त्याचं गॅस्केट (जोडातली पातळ पट्टी) बदलतात, बोल्ट करकचून आवळतात, त्यात पॅनची कड वाकते आणि नवीनच गळती सुरू होते.

गाडी सपाट जागी घेऊन, मागच्या चाकांना अडण लावून, पुढून जॅकने उचलली आणि स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा, जाऊ नका. मग तेलकटपणा काढणारा डीग्रीझर मारून पॅन, ॲक्सलची सीलं (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांभोवती तेल अडवणाऱ्या कड्या), रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या सगळं लख्ख पुसलं. कोरड्या झालेल्या भागावर काकांनी पायाला मारायची पांढरी पावडर स्प्रेने उडवली. गाडी थोडी फिरवून आणली आणि पुन्हा खाली टॉर्च मारला. पॅन पांढराशुभ्र. ॲक्सलची सीलं कोरडी. आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीवर, जिथे लोखंड रबरात दाबून बसवलेलं असतं त्या गंजलेल्या जोडापासून, केसाएवढी बारीक लाल रेघ खाली उतरत गेलेली.

गिअरबॉक्स उतरवायचा प्रश्नच नव्हता. नळी बदलायची होती.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी नळीच्या नटासाठीचा खास पाना लावला, कारण साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. रेडिएटरकडचा भाग दुसऱ्या पान्याने घट्ट धरला. तो पिळला गेला तर रेडिएटरच जातो. स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेली तयार वाकवलेली नळी हाताने आटे धरवून बसवली, मग पान्याने आवळली. मधला तुकडा कापून साधी रबरी नळी आणि क्लिप लावायचा मोह होतो. पण इथे गरम तेल दाबाने वाहतं, त्यामुळे गिअरबॉक्स ऑइलसाठी बनवलेली नळीच हवी. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. त्या सील फुगवतात, गंजलेलं लोखंड काही जोडत नाहीत.

शेवटी तेल. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच घ्यायचं, दुसरं ‘चालेल’ म्हणून नाही. आमच्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, आहे. इंजिन गरम आणि चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवून, ‘पी’मध्ये (पार्किंग) आणून मोजलं आणि लांब नरसाळ्याने थोडं थोडं ओतलं. जास्त झालं तर फेस होतो, तोही घातकच. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना डिपस्टिक नसते. तिथे ठरावीक तापमानाला बाजूचा प्लग उघडून पातळी बघावी लागते, ते घरी जपूनच करावं. आणि तेल इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या फटीतून गळत असेल, तर आतलं पुढचं सील गेलेलं असू शकतं. तसं असेल तर गॅरेज गाठा, पण पावडरीवरच्या रेघेचा फोटो सोबत न्या.